विश्लेषण : २० वर्षं हरवलेली बिनपडद्याची बेस गिटार... कोण होता जॅको पास्टोरियस?

नंदनवनात राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे तीन बेस गिटार आहेत. तो गणेशोत्सवात आणि लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्रात वाजवतो. उरलेल्या वेळात मोबाइलवर जुन्या वाद्यांच्या जाहिराती चाळत बसतो. सध्या त्याला चौथी बेस हवी आहे आणि तीही फ्रेटलेस, म्हणजे जिच्या दांडीवर पडदेच नाहीत अशी. नागपुरात ती सहजासहजी मिळत नाही. एवढा शोध कशासाठी, असं विचारलं की तो एकच नाव घेतो : जॅको पास्टोरियस.

गंमत म्हणजे ज्याच्यामुळे जगभरातले बेसवादक फ्रेटलेसच्या मागे लागले, त्या जॅकोची स्वतःची फ्रेटलेसही हरवली होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतल्या बाकावरून ती चोरीला गेली आणि सापडली थेट २००६ मध्ये. तोवर जॅकोला जाऊन १९ वर्षं झाली होती. ही गिटार कुठली, जॅको कोण होता आणि त्याचं नेमकं काय झालं? सविस्तर समजून घेऊ या.

फ्रेटलेस म्हणजे काय?

सतारीच्या दांडीवर धातूचे पडदे असतात, तसेच गिटारच्या दांडीवरही असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. बोटानं तार दाबली की ती पडद्यावर टेकते आणि तारेची कंप पावणारी लांबी ठरते. लांबी ठरली की सूर ठरला. बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी पडदा सूर सांभाळून घेतो.

सरोद, सारंगी आणि व्हायोलिनला असे पडदे नसतात. तिथे बोट जिथे पडेल तिथेच सूर. बोट चुकलं की सूर चुकला. पण त्याचा फायदाही आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, मींड घेता येते, गळ्यासारखा आवाज काढता येतो. बेस गिटारचे पडदे काढले की तीही या घराण्यात जाऊन बसते.

ही कसरत किती बारीक आहे, ते आकड्यांत पाहू. जॅकोच्या गिटारवर तारेची लांबी ३४ इंच होती. सप्तकाचे १२ समान भाग केले, तर पहिला पडदा सुरुवातीपासून साधारण १.९ इंचांवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, १७ इंचांवर. दोन शेजारच्या पडद्यांमधल्या सुरांच्या अंतराचे १०० भाग केले, तर सुरुवातीच्या बाजूला असा एक भाग म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. दांडीच्या मध्यावर तो पाव मिलिमीटर होतो. म्हणजे बोट दोन मिलिमीटर सरकलं तरी जाणत्या कानाला ते कळतं. हे सांभाळून अतिशय वेगात वाजवायचं, हे जॅकोचं काम होतं.

बेस गिटारला पडदे आले कुठून?

जुन्या जॅझ बँडमध्ये माणसाहून उंच, उभी धरून वाजवायची डबल बेस असायची. तिला पडदे नसतात. ती नेआण करायला अवघड आणि मोठ्या बँडमध्ये तिचा आवाज दबून जायचा. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये यावर तोडगा बाजारात आणला : गळ्यात अडकवायची, विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून तिचं नावच प्रिसिजन बेस ठेवलं. १९६० मध्ये फेंडरनं तिची बहीण आणली, जॅझ बेस.

आपल्याकडे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्येही हे वाद्य पोहोचलं. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांमध्ये टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांची बेस आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. फक्त तिच्याकडे वेगळं लक्ष दिलं नाही. बेसचं काम तेच असतं. ती खालून गाणं धरून ठेवते, समोर येत नाही.

पडदे काढण्याची कल्पना जॅकोच्या आधीची आहे. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमन यांनी १९६१ मध्ये एका स्वस्त बेसचे पडदे काढले होते. अँपेग कंपनीनं १९६६ मध्ये एयूबी-१ ही कारखान्यातूनच बिनपडद्याची निघालेली बेस विकायला आणली. आज संग्राहक ज्या दुर्मीळ फ्रेटलेस शोधतात, त्यांत ती वरच्या क्रमांकावर असते. १९७० मध्ये फेंडरनंही फ्रेटलेस प्रिसिजन बाजारात आणली. म्हणजे जॅकोनं फ्रेटलेसचा शोध लावला नाही. पण तिच्यातून काय निघू शकतं, हे जगाला कळलं ते त्याच्यामुळे.

जॅको कोण होता?

पूर्ण नाव जॉन फ्रान्सिस अँथनी पास्टोरियस तिसरा. जन्म १ डिसेंबर १९५१, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचा. म्हणजे फेंडरची पहिली बेस आणि जॅको एकाच वर्षीचे. वडील जॅक हे ड्रम वाजवायचे आणि गायचे. आई स्टेफनी मूळच्या फिनलंडकडच्या घराण्यातल्या. तीन भावांमध्ये जॅको थोरला. तो लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलजवळच्या ओकलंड पार्कला राहायला गेलं.

समुद्रकिनारा, दमट हवा आणि दिवसभर उन्हात हुंदडणं. अंगात शर्ट नाही, झाडावर चढायचं, पाण्यात उड्या मारायच्या. त्याचं हे रूप पाहून धाकट्या भावानं त्याचं नाव मोगली ठेवलं. रुडयार्ड किपलिंगचा मोगली ज्या सिवनीच्या जंगलातला, ते नागपूरपासून फार लांब नाही. पेंचला जाताना आपण त्याच भागातून जातो.

घरची परिस्थिती बेताची होती. वडील कामासाठी बराच काळ बाहेर असायचे. जॅको पहाटे घरोघर पेपर टाकायचा आणि त्या पैशांतून वाद्यं घ्यायचा.

ड्रम सोडून बेसकडे कसा वळला?

वडिलांप्रमाणे जॅकोही आधी ड्रमर होता. १३ व्या वर्षी फुटबॉल खेळताना त्याचं मनगट मोडलं. ते नीट जुळलं नाही, पुढे शस्त्रक्रिया करावी लागली आणि जोरात ड्रम वाजवणं कठीण झालं. लास ओलास ब्रास नावाच्या स्थानिक बँडमध्ये त्याच्याहून दमदार ड्रमर आला आणि त्याच सुमारास बँडचा बेसवादक बाहेर पडला. रिकाम्या जागी जॅको उभा राहिला.

पुढे जॅझची गोडी लागली, तेव्हा त्यानं पैसे साठवून उभी डबल बेस घेतली. पण फ्लोरिडाची दमट हवा लाकडाला मानवली नाही. एका सकाळी उठून पाहतो तर बेसला तडे जाऊन तिचे तुकडे झालेले. पुन्हा तेवढे पैसे आणणार कुठून? मग त्यानं ठरवलं की उभ्या बेसचा गाता आवाज विजेच्या बेसमधूनच काढायचा. हाताशी होती १९६२ ची एक फेंडर जॅझ बेस.

दरम्यान १९७० मध्ये त्यानं ट्रेसी ली हिच्याशी लग्न केलं आणि लवकरच मुलगी झाली. विशीच्या आतच संसार अंगावर पडला. काही काळ त्यानं गाड्या धुण्याचं कामही केलं. १९७२ मध्ये वेन कॉक्रन यांच्या सीसी रायडर्स या फिरत्या बँडमध्ये काम मिळालं. रोजचे कार्यक्रम, रोजचा प्रवास. तिथेच त्याचा हात तयार झाला आणि बँडसाठी संगीत लिहायलाही तो शिकला.

गिटारचे पडदे कसे गेले?

ही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पडदे त्यानं स्वतः सुरीनं उपटून काढले की गिटार विकत घेतानाच ते काढलेले होते, याबद्दल जॅकोनं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आहे. पुढची कारागिरी मात्र नक्की आहे. पडद्यांच्या जागी राहिलेल्या खाचा त्यानं लाकडाच्या लांबीनं भरल्या आणि वरून इपॉक्सीचे थर दिले. हे इपॉक्सी होतं बोटींना लावायचं. फोर्ट लॉडरडेल हे बोटींचं गाव, तिथे ते सहज मिळणारच.

याची गरज काय होती? जॅको ज्या तारा वापरायचा, त्यांवर गोल तारेचे वेढे असतात. स्क्रूच्या आट्यांसारखा खरखरीतपणा असतो. पडदे नसले की या तारा थेट लाकडावर घासतात आणि काही महिन्यांत दांडीला चर पडतात. इपॉक्सीचा कडक थर लाकूड वाचवतो. शिवाय कडक पृष्ठभागामुळे सूर जास्त वेळ टिकतो आणि आवाजाला धार येते. लाकूड वाचवायला लावलेल्या थरानं असा आवाजही घडवला. वीज अभियांत्रिकी शिकलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार आवडते. प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत, जवळच्या दुकानात मिळेल त्यातून उपाय काढला.

या गिटारला त्यानं बेस ऑफ डूम असं नाव दिलं. म्हणजे सत्यानाशाची बेस. नाव थट्टेत ठेवलेलं होतं.

त्यानं असं वेगळं काय वाजवलं?

तीन गोष्टी सांगता येतील.

पहिली, आवाज. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आठवा. तार घोडीच्या उतरत्या पृष्ठभागाला हलकेच घासत कंप पावते आणि सूर उमलत जातो. फ्रेटलेस बेसमध्येही तार दांडीला असंच घासत राहते. सूर लागल्यानंतर फुलतो. जॅको मागच्या पिकअपजवळ बोटं ठेवून छेडायचा, त्यामुळे हा आवाज आणखी नेमका व्हायचा.

दुसरी, हार्मोनिक्स. तार पूर्ण न दाबता तिच्या अर्ध्यावर, तिसऱ्या किंवा चौथ्या भागावर बोट नुसतं टेकवलं, तर घंटेसारखा उंच सूर निघतो. हे तंतुवाद्यांत जुनंच आहे. जॅकोनं मात्र या सुरांची अख्खी रचना बांधली. पत्नीच्या नावावरची पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी ही रचना मुख्यतः अशा सुरांवर उभी आहे. एकच माणूस एकाच बेसवर हे वाजवतो आहे, यावर पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही.

तिसरी, हिंमत. बेसनं मागे राहायचं, हा रिवाज त्यानं मोडला. १९७६ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या अल्बमची सुरुवात डॉना ली या रचनेनं होते. सॅक्सोफोनवर वाजवायलाही ती अवघड मानली जाते. जॅकोनं ती बेसवर वाजवली, साथीला फक्त डॉन अलायस यांचे काँगो ड्रम. बाकी बँड नाही. तेव्हा त्याचं वय होतं २४.

वेदर रिपोर्टपर्यंत कसा पोहोचला?

वेदर रिपोर्ट हा त्या काळातला जॅझ फ्यूजनमधला सगळ्यात मोठा बँड. त्याचे सूत्रधार म्हणजे व्हिएन्नाहून आलेले की-बोर्डवादक जो झाविनुल आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर. मायामीत त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा थिएटरबाहेर जॅकोनं झाविनुल यांना गाठलं आणि आपण जगातले सर्वांत मोठे बेसवादक आहोत, अशी ओळख करून दिली. झाविनुल यांनी त्याला झटकून टाकलं. जॅको हटला नाही. त्यानं आपलं रेकॉर्डिंग पोहोचवलं. ते ऐकून झाविनुल यांना वाटलं की मुलगा उभी डबल बेस वाजवतो आहे. विजेचीही वाजवतोस का, अशी विचारणा झाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

१९७६ मध्ये अल्फॉन्सो जॉन्सन बँडमधून बाहेर पडले. तेही फ्रेटलेस वाजवायचे. त्यांच्या जागी जॅको आला. १९७७ चा हेवी वेदर हा अल्बम जगभर गाजला. त्यातल्या बर्डलँडच्या सुरुवातीची उंच धून की-बोर्डची वाटते, पण ती जॅकोची बेस आहे. त्याच अल्बममधल्या टीन टाउन या स्वतःच्या रचनेत त्यानं बेसबरोबर ड्रमही वाजवले. १९७९ चा ८:३० हा अल्बम ग्रॅमी मिळवून गेला.

याच काळात तो पॅट मेथेनी यांच्या पहिल्या अल्बममध्ये वाजला, जोनी मिशेल यांच्या हेजिरा आणि पुढच्या अल्बममध्ये वाजला. मार्च १९७९ मध्ये क्युबात हवानाच्या महोत्सवात जॉन मॅक्लॉफ्लिन आणि टोनी विल्यम्स यांच्याबरोबर त्यानं तिघांचा बँड उभा केला, त्याचं नाव ट्रायो ऑफ डूम. हे मॅक्लॉफ्लिन म्हणजे झाकीर हुसेन यांच्यासोबत शक्ती हा बँड सुरू करणारे.

मग घसरण का सुरू झाली?

वेदर रिपोर्टमध्ये येईपर्यंत जॅको दारू आणि अमली पदार्थांपासून जवळपास लांबच होता. दौऱ्यांमध्ये दोन्ही सुरू झालं. पण मूळ दुखणं वेगळं होतं. त्याला बायपोलर डिसऑर्डर होता. या आजारात माणूस काही काळ प्रचंड उत्साहात असतो. झोप लागत नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी होते, पैसा आणि जीव दोन्हींची पर्वा उरत नाही. मग काही काळ तो पूर्ण खचतो.

कलाकाराच्या बाबतीत हा आजार ओळखायला उशीर होतो. जॅको आधीपासूनच अवखळ होता. मंचावर उड्या मारायचा, स्वतःची तारीफ करायचा. त्याचं वागणं आणखी बिघडत गेलं तेव्हाही लोकांना ती कलाकाराची लहर वाटली. प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिले.

१९८१ मध्ये त्यानं वर्ड ऑफ माउथ हा महत्त्वाकांक्षी अल्बम काढला. १९८२ मध्ये वेदर रिपोर्ट सोडून मोठा बँड घेऊन जपानचा दौरा केला. तिथे त्याचं वागणं इतकं विचित्र झालं, की परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस तपासणी झाली आणि आजाराचं निदान झालं. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यानं बोटं बधिर होतात, अशी त्याची तक्रार होती. ज्याचं सगळं आयुष्य बोटांच्या अर्ध्या मिलिमीटरवर उभं होतं, त्याच्यासाठी हे लहान दुखणं नव्हतं. तो गोळ्या सोडायचा, आजार उसळायचा.

दुसरी पत्नी इन्ग्रिड हिच्यापासून त्याला १९८२ मध्ये जुळे मुलगे झाले, ज्युलियस आणि फेलिक्स. १९८५ मध्ये तेही लग्न मोडलं. रेकॉर्ड कंपन्यांनी पाठ फिरवली, क्लबवाले दारात उभं करेनात. जगातला सर्वांत नावाजलेला बेसवादक न्यूयॉर्कच्या बागांमध्ये आणि रस्त्यावर राहू लागला.

गिटारचं काय झालं?

मालकाची झाली तशीच गिटारची अवस्था झाली. त्या वर्षांत बेस ऑफ डूम फुटून तिचे अनेक तुकडे झाले. केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या फ्लोरिडातल्या कारागिरांनी १९८६ मध्ये ते तुकडे जोडून गिटार पुन्हा वाजती केली. दुरुस्तीनंतर थोड्याच काळात, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये बाकावर ठेवलेली ती गिटार कुणीतरी उचलून नेली.

जुलै १९८६ मध्ये भाऊ ग्रेगरी आणि इन्ग्रिड यांच्या मदतीनं जॅको बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाला. तिथून निघाल्यावर डिसेंबरात तो फ्लोरिडाला परतला. पण तिथेही त्याचा मुक्काम बहुतेक रस्त्यावरच असायचा.

शेवट कसा झाला?

११ सप्टेंबर १९८७ च्या रात्री फोर्ट लॉडरडेलजवळ कार्लोस सँटाना यांचा कार्यक्रम होता. जॅको मंचावर चढला आणि त्याला बाहेर काढण्यात आलं. तिथून तो विल्टन मॅनर्समधल्या एका क्लबवर गेला. आत घेतलं नाही म्हणून त्यानं काचेच्या दाराला लाथ मारली. दारावरच्या माणसानं त्याला इतकी मारहाण केली, की चेहऱ्याची हाडं मोडली आणि तो कोमात गेला. पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. कुटुंबानं कृत्रिम जीवनाधार काढण्याचा निर्णय घेतला आणि २१ सप्टेंबर १९८७ रोजी जॅकोचा मृत्यू झाला. वय ३५.

मारहाण करणाऱ्यानं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. २२ महिन्यांची शिक्षा झाली, पण चार महिन्यांतच तो बाहेर आला. १९८८ मध्ये डाउनबीट या जॅझ मासिकाच्या हॉल ऑफ फेममध्ये जॅकोचा समावेश झाला. माइल्स डेव्हिस यांनी १९८९ च्या अमांडला अल्बममध्ये मिस्टर पास्टोरियस ही मार्कस मिलर यांची रचना वाजवली.

गिटार सापडली कशी आणि आता मालक कोण?

२००६ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच एका छोट्या गिटार दुकानात ती पुढे आली. व्हिक्टर वूटन आणि व्हिक्टर बेली यांच्यासारख्या नामवंत बेसवादकांनी ती हाताळून खात्री केली. २००८ मध्ये बेस प्लेअर मासिकानं ही बातमी सविस्तर छापली.

आणि मग वाद सुरू झाला. कुटुंबाच्या दृष्टीनं ही चोरीला गेलेली वस्तू होती. ज्यांच्या ताब्यात ती होती, ते सोडायला तयार नव्हते. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. शेवटी मेटालिका बँडचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहिलो पुढे आले. तरुणपणी त्यांनी जॅकोला प्रत्यक्ष ऐकलं होतं. २०१० मध्ये त्यांनी पैसे मोजून गिटार सोडवून घेतली. जॅकोच्या कुटुंबाला हवी असेल तेव्हा, दिली त्याच किमतीला ती परत देण्याचं त्यांनी लेखी मान्य केलं. म्हणजे एका संग्राहकानं वस्तू घेतानाच ती सोडण्याची तयारीही लिहून दिली. पुढे त्यांनी जॅकोवरचा माहितीपटही काढला.

जुनी बेस शोधणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसला विकली गेली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक प्री-सीबीएस म्हणतात आणि मोठी किंमत मोजतात. वाद्य जितकं मूळ अवस्थेत, तितकी किंमत जास्त. त्या हिशेबानं पडदे काढलेली, इपॉक्सी फासलेली, तुकडे जोडलेली १९६२ ची जॅझ बेस म्हणजे खराब केलेला माल. तरीही संग्राहकांच्या जगात तिच्याइतकी चर्चा फार थोड्या बेसची झाली असेल. कारण ती कुणी वाजवली, हे माहीत आहे.

आपल्याकडे जुनी गिटार घेताना तीन गोष्टी नक्की पाहा :

- विकणाऱ्याकडे बिल, जुने फोटो किंवा दुरुस्तीची पावती आहे का?
- क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. जुन्या फेंडरवर तो स्क्रूनं बसवलेल्या पट्टीवर असतो आणि पट्टी बदलता येते.
- चोरीची वस्तू पैसे देऊन घेतली म्हणून आपली होत नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो घेणाऱ्याला मिळत नाही.

काय ऐकाल?

सुरुवातीला पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी, मग कंटिन्युअम, डॉना ली, टीन टाउन आणि जोनी मिशेल यांचा हेजिरा. मात्र इअरफोन लावा. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झपेक्षाही खाली. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो नीट बाहेरच पडत नाही.

माझ्या मित्रानं आता वेगळा बेत आखला आहे. तीनपैकी सर्वांत स्वस्त बेसचे पडदे तो काढणार आहे. खाचा भरायला लांबी आणली आहे. बोटींचं इपॉक्सी नागपुरात कुठे मिळेल, ते शोधतो आहे.

जॅकोची फुटलेली गिटार कारागिरांनी जोडली, चोरीला गेली तरी ती २० वर्षांनी सापडली. जॅकोवरच्या उपचाराला मात्र उशीर झाला आणि जे सुरू झाले ते टिकले नाहीत. तुमच्या घरात किंवा मित्रांमध्ये कुणाची झोप उडाली असेल, वागणं अचानक बदललं असेल, तर लहर म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो २४ तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.